पाच मिनिटांचं औषध

दुपारी दोन ते चार मी झोपतो, हे अख्ख्या ट्यूशन एरियाला माहीत आहे. त्या वेळात पालकांनी येऊ नये अशी पाटीच दारावर लावलेली आहे. खरं सांगायचं तर गेल्या कित्येक वर्षांत मी दुपारी एकदाही झोपलेलो नाही. मी पडून राहतो. उताणा, डोळे मिटून, हात अंगाजवळ, आणि हलायचं नाही. माशी बसली तरी नाही, नाक खाजलं तरी नाही. नुसतं ऐकायचं. पंख्याची करकर, शेजारच्या मेसमध्ये ताटं घासल्याचे आवाज, इंदूचं फोनवर बहिणीशी बोलणं. इंदू म्हणजे माझी बायको. सुरुवातीला ती घाबरायची, खांद्याला धरून हलवायची. आता नुसतं दार लोटून घेते आणि मोलकरणीला सांगते, "ह्यांचं चाललंय, आवाज करू नको."

दोन तास म्हणजे नेमके किती, हे मला कळून घ्यायचं असतं. पहिली वीस मिनिटं सोपी जातात. मग पाठ ठणकायला लागते. तासाभरानं ओरडावंसं वाटतं. मी मनात आणलं तर उठू शकतो, हे मला ठाऊक असतं, म्हणून मी टिकतो. अन्नपूर्णाला तेवढाही आधार नव्हता.

लातुरात मला एमके सर म्हणतात. माधवराव किनीकर, बायोलॉजी. चौकातल्या फ्लेक्सवर हाताची घडी घालून मी उभा आहे, भोवती मेडिकलला लागलेल्या पोरापोरींचे फोटो. झेडपीच्या निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसतो, असं इंदू म्हणते, आणि ते खरंच आहे. त्याआधी मी डॉक्टर होतो, तोही भूल देणारा. हे आता फारसं कोणाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते भाषणात सांगतात की सरांनी डॉक्टरकी सोडून स्वतःला शिक्षणाला वाहून घेतलं. वाहून कसलं घेतलंय! पळालो.

भूकंप झाला तो गुरुवारी पहाटे, विसर्जनाची रात्र सरता सरता. सकाळी नऊपर्यंत आमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ट्रक, ट्रॅक्टर, एसट्या, मिळेल त्यातून माणसं येत होती. मातीनं इतकी माखलेली की बाई का पुरुष हे तोंड पुसल्यावर कळायचं. भूल देणारे आम्ही दोघं, त्यातला एक विसर्जनासाठी गावी गेलेला. शुक्रवारी दुपारी अन्नपूर्णाला टेबलावर घेतलं, तेव्हा मी सलग तीस तास उभा होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. कारणं मी पुष्कळ वर्षं वापरून झिजवली आहेत.

ती चोवीस वर्षांची होती. औशाकडच्या एका खेड्यात, किराणा दुकान असलेल्या घरात दिलेली. नवरा, सासू, दुकान, सगळं माळवदाखाली गेलं. ही वाचली, पण डावा पाय गुडघ्याखाली चेंदामेंदा झालेला आणि कपाळावर मोठी खोक. पाय कापल्याशिवाय जगणार नव्हती. माहेर बिलोलीचं. तिची आई शांतम्मा आणि धाकटा भाऊ रामकिशन मिळेल त्या गाडीला लटकत आले होते आणि तीन गावं पालथी घालून त्यांनी तिला शोधून काढलं होतं. घरात तेलुगू बोलणारी माणसं, आर्य वैश्य. आमच्याकडे सरसकट कोमटी म्हणतात.

टेबलापाशी शांतम्मानं माझा हात धरला. "डॉक्टरसाब, झोपेची सुई नका देऊ हिला. आमच्या घरात ती सोसत न्हाई. माझा भाऊ हैदराबादला हर्नियाला गेला, सुई दिली, ते उठलाच न्हाई. अम्मवारूला चालत न्हाई." अम्मवारू म्हणजे त्यांची देवी.

मी तेव्हा चाळिशीच्या आतला, अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत हिंडणारा माणूस. दुसऱ्याचं अज्ञान मला मैलभरावरून दिसायचं. मी म्हणालो, "मग काय जागेपणी कापू पाय? तुमच्या देवीला सांगा, आज इथं माझं चालतं." अन्नपूर्णा शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडे बघितलं. माझं तिच्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य ते.

आता थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भूल देताना श्वासनळीत नळी घालतात. ती नीट जावी म्हणून अंगातले सगळे स्नायू ढिले करणारं एक औषध देतात, स्कोलिन. त्यानं श्वासाचे स्नायूही थांबतात, तेवढा वेळ नळीला रबरी फुगा जोडून हातानं हवा द्यायची. रक्तातलं एक द्रव्य स्कोलिनला मोडून टाकतं, आणि पाच मिनिटांत माणूस आपला आपण श्वास घ्यायला लागतो. पाच मिनिटांचं औषध. मी ते हजारो वेळा दिलेलं होतं. क्वचित एखाद्याच्या रक्तात ते द्रव्य नसतं, हे पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकातलं पुस्तकात राहतं.

ऑपरेशन पंचवीस मिनिटांत उरकलं. मी भुलेचा वायू बंद केला. ती श्वास घेईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. टेबल रिकामं हवं होतं, बाहेर रांग लागलेली. मग जे आमच्याकडे नेहमी व्हायचं तेच झालं. त्या दिवसांत आमच्याकडचं व्हेंटिलेटर म्हणजे नातेवाईक. अन्नपूर्णाला व्हरांड्यात सतरंजीवर ठेवलं, नळी तशीच, आणि फुगा रामकिशनच्या हातात दिला. "तू श्वास घेशील तेव्हा दाब, सोडशील तेव्हा सोड. थांबायचं नाही." बावीस वर्षांचं पोरगं. त्यानं मान हलवली आणि सुरुवात केली.

दीड तासानं मी परत आलो. तो दाबतच होता. घाम हनुवटीवरून खाली टपकत होता. मी अन्नपूर्णाला चिमटा काढून बघितला, हालचाल नाही. पापणी उचलली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. मेंदू गेला की बाहुल्या मोठ्या होतात. भुलेआधी आम्ही एक औषध टोचतो, त्यानंही त्या मोठ्या होतात, आणि ते औषध मीच टोचलेलं होतं. ते मला आठवलं नाही. कपाळावरची खोक दिसत होती, तिनं हिशेब पुरा करून दिला. नाडी लागत होती. मेंदू गेला तरी नाडी थोडा वेळ रेंगाळते, असं मी स्वतःला सांगितलं. आत आठ वर्षांची एक पोरगी गुदमरत होती आणि धड फुगा दवाखान्यात तो एकच.

"संपलंय हे. सोड आता," मी म्हणालो.

तो दाबत राहिला.

"अरे, ती गेली! मी सांगतोय ना? तिकडं दुसऱ्याचं लेकरू मरतंय."

मी आतल्या पोरीकडे धावलो, आणि मिनिटाभरात कंपाउंडरनं फुगा आणून माझ्या हातात दिला. ती पोरगी जगली. चालत घरी गेली. पुढं कित्येक वर्षं मी तिला माझा वकील करून ठेवलं होतं.

पुढल्या फेब्रुवारीत हैदराबादला भूलतज्ज्ञांची परिषद होती. जेवणाआधीचं शेवटचं भाषण, निम्मं सभागृह पेंगलेलं. बोलणारे गृहस्थ शांतपणे सांगत होते की ते द्रव्य जन्मतः नसलेली माणसं इतरत्र हजारो माणसांत एखादं सापडतं, पण आर्य वैश्य समाजात त्यांचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. शतकानुशतकं आपापसात लग्नं, त्यात मामाच्या पोरीचा पहिला मान, त्यामुळं कुण्या एका पूर्वजातला तो लहानसा फरक घरोघर पोचलाय. हा रोग नव्हे, ते म्हणाले. या माणसांना आयुष्यभर काहीही होत नाही. फक्त स्कोलिन देऊ नका. दिलंच तर ते पाच मिनिटांत उतरत नाही, काही तास लागतात. तेवढे तास फुगा दाबत राहा, माणूस उठून बसेल. आणि एक ध्यानात ठेवा, असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. भुलेचा वायू अर्ध्या तासात उतरलेला असतो. माणूस मेल्यासारखा दिसतो, पापणीसुद्धा हलवता येत नाही. पण तो जागा असतो. त्याला सगळं ऐकू येतं.

मी बाहेर जाऊन ओकलो. लोकांना वाटलं बिर्याणी बाधली. जेवण तर अजून व्हायचं होतं.

त्यानंतर मी यादी करायला बसलो. व्हरांड्यात तिच्याजवळ आम्ही काय काय बोललो? कंपाउंडरला मी चहा मागितला. सर्जन म्हणाले, या कोपऱ्यातल्या बाईचं काही खरं नाही. कोणीतरी विचारलं, हिच्या हातातल्या पाटल्या कोणाकडं द्यायच्या. शांतम्मा रडत होती तिला मी दोनदा गप्प बसा म्हणालो. मग 'संपलंय हे'. मग 'ती गेली'. ते सगळं ऐकत ती तिथं पडली होती, आणि तिची छाती भावाच्या हातानं वरखाली होत होती. वर्षभर मी कसंबसं काम केलं. मग सोडलं.

लातुरात तेव्हा शिकवण्यांचा सुकाळ सुरू झालेला. पडक्या घरांवर पत्रे चढवून लोक क्लास काढत होते. मीही काढला. पोरं नांदेडहून, बीडहून, हिमायतनगरहून ट्रंका घेऊन यायची, एका खोलीत चौघं राहायची, मेसची पातळ आमटी पिऊन डॉक्टर व्हायची. मला बरं वाटायचं. तीनशे पोरं एका दमात श्वास घेतात त्या आवाजात माणसाला एकटं वाटत नाही. फक्त परीक्षेच्या वेळी सगळे गप्प झाले की मला भीती वाटायची, आणि मी विनाकारण कोणावर तरी खेकसायचो. पोरं म्हणायची, सर लई कडक हायेत.

आनुवंशिकतेचा धडा मी दरवर्षी स्वतः शिकवतो, दुसऱ्याला देत नाही. थोड्या माणसांतून वाढलेल्या समाजात एखादा गुण इतका कसा पसरतो, हे मी विरजणावर सांगतो. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं, त्याचं दही, त्या दह्याचं उद्याचं विरजण. वर्षभरानंही घरातल्या दह्याला त्या पहिल्या चमच्याचीच चव. पोरांना पटतं. मग गृहपाठ, आपापल्या घराण्याचा तक्ता काढून आणा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यात लग्न असेल तर मध्ये दोन रेघा, घरात चालत आलेला काही विकार ज्याला झाला असेल त्याची खूण काळी करायची.

दोन हजार बारा साल. नीट नावाची नवी परीक्षा पहिल्यांदाच येणार म्हणून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. पहिल्या बाकावर वासवी कुंदलवार नावाची पोरगी बसायची. काटक, बडबडी, शंका विचारताना उभी राहायची ती उत्तर पटल्याशिवाय बसायची नाही. अशी पोरं मला आवडतात, तोंडावर मी कधी म्हणत नाही. तक्ता घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर, दोन रेघा कुठंकुठं काढू? आमच्यात सगळीकडंच काढाव्या लागून राहिल्या. पप्पांनी मामाची पोरगी केली, आजोबांनी बहिणीची पोरगी केली. कागदच पुरंना गेला!"

मागची पोरं हसली, मीही हसलो. मग तक्ता हातात घेतला. दोन खुणा काळ्या होत्या. एक आजीच्या भावाची, खाली लिहिलेलं, 'हैदराबाद, हर्निया'. दुसरी पप्पांच्या बहिणीची, खाली 'भूकंप'.

"भूकंपात गेली तर खूण काळी का केलीस?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

"आजी म्हणायची, दोघं एकाच गोष्टीनं गेले. सुईनं. पप्पांना विचारलं तर दुकानात निघून जातात. म्हणून मीच केली काळी. चुकलं का सर?"

"गाव कोणतं तुमचं?"

"बिलोली."

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. वडिलांना बोलावून घे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिचे आईबाप नात्यातले, तो फरक दोन्ही बाजूंनी तिच्यात उतरला असण्याची शक्यता कोणाहूनही जास्त; हे मी नुकतंच फळ्यावर लिहून दाखवलं होतं. मी तक्त्यावर दहापैकी दहा लिहिले, सही केली आणि 'नेक्स्ट' म्हणालो. माझ्या भ्याडपणाला मी ती संध्याकाळ दिली, मग दुसरी दिली, मग आठवडा दिला. पोरगी ठणठणीत आहे, तिला कोण कशाला भूल देतंय, असं म्हणत राहिलो. त्या आठवड्यात दुपारी पडल्यावर मला पंखा, ताटं काही ऐकू यायचं नाही. फुग्याचा आवाज यायचा, आणि तो माझ्या श्वासाशी जुळायचा नाही.

रविवारी सकाळी मोठी चाचणी होती. पेपर वाटताना पहिला बाक रिकामा दिसला. वासवीच्या खोलीत राहणारी भार्गवी म्हणाली, "सर, ती न्हाई येणार. काल रात्रीपासून पोट दुखून राहिलं तिचं. अपेंडिक्स म्हणले. तिचे पप्पा आलेत, अकराला ऑपरेशन हाय."

घड्याळात दहा पस्तीस झाले होते. तीनशे पोरांना तसंच सोडून मी निघालो. स्कूटरला किक मारताना पाय सटकला, नडगी सोलली. ते घरी गेल्यावर कळलं.

भार्गवीनं सांगितलेल्या खाजगी दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मला मंजुश्री दिसली. दहा-अकरा वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी, उदगीरची, आता तिथली भूलतज्ज्ञ. लातुरात हे एक सुख आहे, कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी कोणीतरी पाया पडतं. तिच्यासमोर हातात संमतीचा कागद घेऊन एक चाळिशीतला माणूस उभा होता. डोक्याचे केस सगळे पांढरे. मी त्याला ओळखलं.

"सर, तुम्ही कशाला आलात? साधं अपेंडिक्स आहे," मंजुश्री म्हणाली.

"हिला स्कोलिन देऊ नकोस."

ती हसली. "सर, तुम्हाला स्कोलिन कसं काय माहीत?"

"माहीत आहे. ॲलर्जी आहे तिला." शेवटपर्यंत मी पळवाट शोधत होतो.

"कोणी सांगितलं? मी आत्ताच विचारलं ह्यांना. काका, घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का कधी?"

"न्हाई," रामकिशन म्हणाला. माझ्याकडे न बघता. "तसलं काय न्हाई आमच्यात. आजीचं काय, म्हातारी कायबी बोलायची. पोरगी उजवायची हाय, मॅडम. घरान्यात दोष हाय म्हणून कागदावर नका लिहू."

मंजुश्रीनं माझ्याकडे बघितलं. तिला वेळ नव्हता. पोरगी उलट्या करत होती, पोट भरलेलं, अशा वेळी झटकन नळी घालायला स्कोलिनइतकं सोयीचं काही नाही. मीही तेच दिलं असतं.

"हिची आत्या," मी म्हणालो. "अन्नपूर्णा. भूकंपात गेली असं हे सांगतात. ती भूकंपात गेली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आली. भूल मी दिली होती, स्कोलिन मी दिलं होतं. दोन तास उतरलं नाही. मग मी फुगा काढायला लावला. नाडी चालू असताना."

मंजुश्रीच्या तोंडावरचं हसू गेलं. ती म्हणाली, "दुसरं औषध वापरते. रक्तही तपासणीला पाठवते, सर." आणि दार ढकलून आत गेली. नंतर आठवड्यानं तो रिपोर्ट आला. वासवीच्या रक्तात ते द्रव्य जवळजवळ नव्हतंच.

बाहेर लोखंडी बाक होता. रामकिशन बसला. मी उभाच होतो. "बसा सर," तो म्हणाला.

"मला ओळखलंत?"

"ॲडमिशनला आलो तवाच ओळखलं."

"आणि तरी पोरगी माझ्याकडं ठेवलीत?"

"लातुरात बायोलॉजीला तुमचंच नाव हाय म्हणले सगळे," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. "मार्क पायजेत ना सर."

मी त्याला सगळं सांगितलं. ते द्रव्य, ते भाषण, बाहुल्या, माझी चूक. एकोणीस वर्षं मनात घोकलेलं, त्यामुळं कुठं अडखळलो नाही. तो खाली फरशीकडे बघत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "म्हणजे अक्का जित्ती होती."

"हो."

"मला म्हाईत होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुम्ही सोड म्हणलात ना, तवा तिच्या डोळ्यातून पानी आलं. दोन्ही डोळ्यांतून. कानापातुर गेलं. मी म्हणलं, मेलेल्या माणसाला पानी कसं येतंय? पण तुम्हाला विचारलं न्हाई. तुम्ही डॉक्टर. मी दुकानात पुड्या बांधणारा. अम्माला सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई. आत्ता त्या मॅडमनी विचारलं, आत पोरीचा जीव, तरी तोंडातून न्हाईच निघालं बघा."

मी इतकी वर्षं समजत होतो की हे भूत माझं एकट्याचं आहे. तेवढीही ऐट खरी नव्हती. ते बिलोलीतही राहत होतं, आणि माझ्याहून जास्त तिथं राहत होतं. मला लाज वाटली. इतकी की उठून जिन्यानं खाली पळावंसं वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पळालो नाही.

"तिला ऐकू येत होतं का?" त्यानं विचारलं.

नाही म्हणायला काय लागत होतं! खोटं ठरवायला कोणी येणार नव्हतं. पण त्यानं ते पाणी बघितलेलं होतं.

"येत होतं," मी म्हणालो.

आत कसल्या तरी भांड्याचा आवाज झाला, त्यानं दाराकडे बघितलं, मग परत खाली.

"मी तिच्या कानात बोलत होतो सगळा येळ. अक्का, मी हाय, भिऊ नको. मग तुम्ही ओरडलात. सोडायच्या आधी मी वाकून सांगितलं तिला." तो आधी ते तेलुगूत पुटपुटला, मग माझ्यासाठी मराठीत म्हणाला, "अक्का, डॉक्टर म्हणतायत सोड. सोडतो आता."

माझ्या यादीत हे वाक्य नव्हतं.

दार उघडलं. मंजुश्रीनं डोकं बाहेर काढून सांगितलं की झालं, पोरगी स्वतः श्वास घेतेय, नाव विचारलं तर सांगतेय. वडिलांनी आत यावं. रामकिशन उठला, दोन पावलं गेला आणि परत वळला.

"अजून किती येळ दाबायला पायजे होतं, सर?"

"तीन तास," मी म्हणालो. "फार तर चार."

"चार तास," तो म्हणाला. "मी दोन दिवस दाबलं असतं."

आणि तो पोरीकडे आत गेला.